थोड्या पैशांत जुनी नाणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत तेच दोन गैरसमज आहेत. जुनं नाणं म्हणजे महाग नाणं, आणि चकचकीत नाणं म्हणजे चांगलं नाणं. दोन्ही चुकीचे आहेत, आणि दुसऱ्यामुळे रोज कुठे ना कुठे एखादं चांगलं नाणं कायमचं बाद होतं. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न : माझ्याकडचं रोमन नाणं सतराशे वर्षांपूर्वीचं आहे. म्हणजे ते फार मौल्यवान असणार ना?

नाही. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइन आणि त्याच्या मुलांच्या काळात छोटी ब्राँझची नाणी अमाप पाडली गेली आणि ती आजही ढिगाने मिळतात. किंमत वयावर ठरत नाही. अशी नाणी किती उरली आहेत, ती किती जणांना हवी आहेत आणि हातातलं नाणं कुठल्या अवस्थेत आहे, यावर ठरते.

प्रश्न : महिन्याला अगदी थोडी रक्कम बाजूला काढता येते. एवढ्यात दिसेल ते घेत जावं का?

दिसेल ते घेतलंत तर वर्षभराने तुमच्याकडे डबा असेल, संग्रह नसेल. एक विषय धरा आणि त्यातच राहा. वरच्या प्रश्नातलीच नाणी घ्या. 330 पासून पाडलेल्या एका प्रकारावर पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि मागे दोन बाळांना दूध पाजणारी लांडगीण असते. त्या चित्राखाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली टांकसाळीची खूण. हाच प्रकार त्रिअर, रोम, अँटिओक अशा वेगवेगळ्या टांकसाळींतून निघाला. भिंग घेऊन ती दोन-चार अक्षरं लावत बसलात की एकाच चित्राच्या नाण्यांतून अख्ख्या साम्राज्याचा नकाशा उभा राहतो.

किंवा गुजरात-माळव्यावर राज्य केलेल्या पश्चिम क्षत्रपांची चांदीची नाणी घ्या. वजन साधारण दोन ग्रॅम, आकार करंगळीच्या नखाएवढा, पण त्यावर राजाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि राजाच्या डोक्यामागे शक वर्ष! ब्राह्मी आकड्यांत शतक, दशक, एकक यांना वेगळी चिन्हं असतात. 200, 70 आणि 2 अशी तीन चिन्हं दिसली की शक 272, म्हणजे इसवी सन 350, म्हणजे तिसरा रुद्रसेन. स्वतः वाचलेली पहिली तारीख माणूस विसरत नाही. बऱ्याच नाण्यांवर तारखेची जागा नाण्याच्या कडेबाहेर गेलेली असते, म्हणून घेण्याआधी राजाच्या डोक्यामागची जागा नीट बघा. नुमिस्टा आणि झेनो या संकेतस्थळांवर तुलनेसाठी फोटो फुकट पाहता येतात. तरी पहिली दोन-तीन नाणी जाणत्या संग्राहकाला दाखवूनच घ्या.

प्रश्न : भोक पाडलेलं किंवा अडकवायला कडी जोडलेलं नाणं घ्यावं का?

खुशाल घ्या, पण भोक असलेल्या नाण्याच्या भावातच. विक्रेत्याने भोक बुजवून दिलं असेल तर घेऊ नका.

प्रश्न : ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं, हनुमानाची आकृती असलेलं नाणं मिळतंय. ते तांदळाचे दाणे ओढतं म्हणतात. प्रमाणपत्रही आहे.

कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. रामदरबार, हनुमान, कमळ आणि 1616, 1717, 1818 अशी लक्षात राहणारी सालं असलेले हे तुकडे भाविकांना आणि भोळ्या गिऱ्हाइकांना विकण्यासाठी केलेले आहेत. तांदूळ कुठलंच नाणं ओढत नाही. या थापेपायी लोकांची आयुष्यभराची बचत गेली आहे, हे मी हात जोडून सांगतो. आणि विकणाऱ्याने स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्राला काय अर्थ?

खरं कंपनीचं नाणं तपासायचं असेल तर वजन करा. 1835 पासूनचा कंपनीचा रुपया 11.66 ग्रॅमचा असतो. चांदी चुंबकाला चिकटत नाही. ओतीव नकलेवर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, मऊ पडलेली अक्षरं आणि कधी कधी कडेला सांध्याची रेघ दिसते. एवढं करूनही शंका उरली तर पैसे देण्याआधी तज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : वडिलांची तांब्याची नाणी लिंबू आणि टूथपेस्टने घासून लख्ख केली. आता काहींवर फिकट हिरवी पूड येते आहे. सहा महिने झाले, अजून थांबून बघू का?

सहा महिने! पहिला हिरवा ठिपका दिसला त्याच आठवड्यात विचारायला हवं होतं.

तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी, काळपट किंवा गडद हिरवा घट्ट थर म्हणजे मळ नव्हे. धातूने शतकानुशतकं हवेशी आणि मातीशी जमवून घेत स्वतःवर घातलेलं ते पांघरूण आहे. लिंबातलं आम्ल ते ओरबाडून काढतं आणि टूथपेस्टमधली पूड उरलेल्या पृष्ठभागावर चरे पाडते. मागे एक गृहस्थ चाळीस नाणी घेऊन आले होते, सगळी नव्या भांड्यासारखी लालभडक. भिंगाखाली धरली तर अक्षरांच्या कडा गुळगुळीत झालेल्या आणि प्रत्येक नाण्यावर एकाच दिशेने ओढलेल्या शेकडो बारीक रेघा. ज्या दोन नाण्यांवर साल असायला हवं होतं, तिथे नुसता उंचवटा उरला होता. ते मला विचारत होते, आता किंमत किती वाढली. काय सांगणार त्यांना? घासलेलं परत आणता येत नाही.

आता तुमची पूड. लाकडी काडीने हलकेच टोचून बघा. थर घट्ट असेल तर चिंता नाही. पिठासारखा सुटून खाली पडत असेल आणि त्याखाली खड्डा दिसत असेल, तर तो ब्राँझचा रोग आहे. धातूत शिरलेलं क्लोराइड हवेतल्या ओलाव्याने जागं होतं, त्यातून आम्ल बनतं, ते आतलं तांबं खातं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. ते आपोआप थांबत नाही.

आजच ती नाणी बाकीच्यांपासून वेगळी करा. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. आणि वस्तुसंग्रहालयाच्या जतन विभागातल्या माणसाला भेटा. यावर वापरतात त्या बेन्झोट्रायझोल या रसायनाचं नाव ऐकून घरी प्रयोग करू नका, ते विषारी आहे. ज्या नाण्यांवर पूड नाही, त्यांना हातही लावू नका. नुसती माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवणं एवढंच घरी चालतं, आणि तेही विचारून.

प्रश्न : नाणी मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवली तर चालेल?

मऊ, लवचीक आणि वास येणारं प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं. त्यातून नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. मायलारची, म्हणजे पॉलिएस्टरची, पाकिटं वापरा. रबरबँड आणि साधा पुठ्ठा दूर ठेवा, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. नाणं नेहमी कडेने धरा.

प्रश्न : न धुतलेल्या नाण्यांची पिशवी विकत मिळते. ‘आत सोनंही निघू शकतं’ असं लिहिलेलं असतं.

पिशवी तुमच्यापर्यंत येण्याआधी निदान तीन हातांनी निवडलेली असते. सोनं त्यांनी सोडलं असेल का?

प्रश्न : जमीन खणताना नाण्यांचं मडकं सापडलं तर त्यातली काही ठेवता येतात का?

आधी कळवायचं, मग पुढचं. भारतात 1878 चा निखात निधी कायदा आहे, इंग्लंडमध्ये 1996 चा ट्रेझर ॲक्ट. जिथे असाल तिथल्या अधिकाऱ्याला लगेच सांगा आणि गरज पडली तर वकिलाचा सल्ला घ्या. तोवर मडकं जसं आहे तसं राहू द्या. मित्रांत एकेक वाटू नका. त्यातल्या सगळ्यात अलीकडच्या नाण्यावरून मडकं कधी पुरलं असेल याचा अंदाज बांधतात, आणि नेमकं तेच नाणं कुणाच्या तरी खिशात गेलेलं असतं. आणि त्यातलं एकही धुऊ नका.