मोबाइल काढून घेण्याआधी

"मुलाकडून मोबाइल काढूनच घेतला, तर तो सुरक्षित राहील ना?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बहुतेक पालक पहिल्याच भेटीत विचारतात, आणि दर वेळी मला चौदा वर्षांचा एक मुलगा आठवतो. त्याची ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत.

आई त्याला घेऊन आली ती अभ्यासाची तक्रार घेऊन. रात्री तो जागा असे, आणि फोन वाजला की दचकत असे. ही दुसरी गोष्ट तिने जाता जाता सांगितली, मला मात्र तीच महत्त्वाची वाटली. कारण मोबाइलच्या आहारी गेलेले मूल फोन वाजताच त्याकडे झेपावते, हा मुलगा त्याला घाबरत होता.

दोन भेटी शांततेतच गेल्या. तिसऱ्या भेटीत त्याने विचारले, "हे घरी कळेल का?" तुझ्या सुरक्षिततेला धोका असेल तर आईबाबांना सांगावेच लागेल, पण काय आणि कसे सांगायचे ते आपण दोघे मिळून ठरवू, असे मी म्हटले. तेव्हा तो रडू लागला आणि बोलू लागला.

ऑनलाइन खेळात त्याची एका 'मुलीशी' ओळख झाली होती. काही दिवसांतच तिने त्याला खेळातील गप्पांमधून दुसऱ्या ॲपवर नेले, जेथे संदेश आपोआप पुसले जातात. तिने स्वतःचा म्हणून एक खासगी फोटो पाठवला व त्याचाही मागितला. त्याने तो पाठवताच भाषा बदलली : पैसे दे, नाहीतर फोटो तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवीन. साठवलेले पैसे त्याने दिले, तशी मागणी वाढतच गेली. अशा पैशांच्या धमक्यांना किशोरवयीन मुलगे मोठ्या प्रमाणावर बळी पडतात, हे पालकांच्या सहसा लक्षात येत नाही; काळजी फक्त मुलींची केली जाते.

"घरी सांगितलेस तर शिक्षा तुलाच होईल," असे धमकावणाऱ्याने त्याला लिहिले होते. त्याला ते पटले, कारण "काही गडबड केलीस तर मोबाइल कायमचा बंद," असे वडिलांनी आधीच बजावून ठेवले होते. प्रेमापोटी दिलेला तो इशारा नेमका त्या अनोळखी माणसाच्या कामी आला.

हे ऐकल्यावर वडिलांना मुलाचे त्या ॲपवरील खाते तत्काळ पुसून टाकायचे होते. मी त्यांना थांबवले. आधी धमकावणाऱ्याच्या खात्याचे नाव, धमकीचे संदेश आणि पैसे दिल्याच्या नोंदी जपून ठेवायच्या, पण तो खासगी फोटो मात्र कोणालाही पुढे पाठवायचा नाही. मग ॲपकडे आणि पोलिसांकडे तक्रार करायची, त्या खात्याला ब्लॉक करायचे आणि आणखी एकही पैसा द्यायचा नाही, असे ठरले. अमेरिकेतील 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन' या संस्थेची 'टेक इट डाउन' ही विनामूल्य सेवाही आम्ही वापरली. त्यात फोटो आपल्या फोनबाहेर जात नाही. त्याची केवळ अंकीय खूण तयार होते, आणि सहभागी कंपन्या तिच्या आधारे आपल्याकडचा तसाच फोटो शोधून हटवू शकतात. वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी काढलेल्या खासगी छायाचित्रांसाठी नाव न सांगता ती वापरता येते.

बंधने नकोत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. अनोळखी व्यक्तींचे संदेश बंद ठेवणे, खाते खासगी करणे, खरेदीला पालकांची परवानगी लागेल अशी सोय करणे हे सारे जरूर करावे. मात्र खरे सांगितल्याची शिक्षा म्हणून मोबाइल काढून घेऊ नये, कारण पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही.

चौथ्या भेटीला वडील मुलाशेजारी बसले आणि म्हणाले, "मी रागावेन या भीतीने तू एकटा राहिलास, ही माझी चूक झाली." नियम दोघांनी मिळून लिहिले. रात्री सर्वांचे फोन झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवायचे, हा नियम मुलाने सुचवला, आणि 'सर्वांचे' या शब्दाखाली त्याने स्वतःच रेघ ओढली.