पॅरामेशियम या एकपेशीय जीवात जीन सायलेन्स करून (म्हणजे गप्प करून) त्याचं काम कसं कळतं? जीन सरळ काढूनच का टाकत नाहीत?

मी पॅरामेशियमवर काम केलंय म्हणून त्यातलंच सांगतो. काढून टाकणं इथं जवळपास अशक्यच, कारण त्याच्या मोठ्या केंद्रकात एकेका जीनच्या साधारण ८०० प्रती असतात, किती म्हणून काढणार? त्यापेक्षा जीन राहू द्यायचं आणि त्याचा एमआरएनए (जीनचा निरोप नेणारी प्रत) नष्ट करायचा. त्यासाठी फक्त खायला घालायचं, बस! ई. कोलाय या बॅक्टेरियाचा एचटी११५ स्ट्रेन (वाण) घ्यायचा, ज्यात डबल स्ट्रँडेड आरएनए तोडणारं आरएनेज थ्री हे एन्झाइम नसतं, त्यात आपल्या जीनचा तुकडा टाकलेला प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) घालायचा, आयपीटीजी (त्या तुकड्यावरून आरएनए बनवणं चालू करणारं रसायन) दिलं की बॅक्टेरिया डबल स्ट्रँडेड आरएनए बनवत बसतात, पॅरामेशियम ते बॅक्टेरिया खातं, त्या आरएनएचे बारीक तुकडे करतं आणि त्यांना जुळणारा स्वतःचाच एमआरएनए कापून टाकतं. २००२ मध्ये गालवानी आणि स्पर्लिंग या संशोधकांनी हे पॅरामेशियममध्ये करून दाखवलं.

आता काम कसं कळतं ते एनडी७ या जीनवरून बघा. पॅरामेशियमच्या कातडीखाली ट्रायकोसिस्ट (बाहेर फेकता येणारे काटे) रांगेनं बसलेले असतात. पिक्रिक ॲसिडचा थेंब टाकला की नॉर्मल पेशी ते सगळे एकदम बाहेर फेकते, मायक्रोस्कोपखाली साळिंदर फुललेलं दिसतं. (पिक्रिक ॲसिड वाळू देऊ नका, कोरडं झालं की स्फोटक असतं.) एनडी७ सायलेन्स केलेली पेशी मात्र गुळगुळीतच राहते. ट्रायकोसिस्ट बनलेत, जागेवरही बसलेत, फक्त सुटत नाहीत, म्हणजे या जीनचं काम अगदी शेवटच्या पायरीवर आहे. शिवाय पेशी वाढते नेहमीसारखीच, म्हणून एनडी७ कंट्रोल म्हणूनही वापरतात, त्यात काटे सुटायचे थांबले नाहीत तर तुमचं फीडिंगच नीट झालेलं नाही.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. या जीवाचा अख्खा जिनोम (सगळा डीएनए) पूर्वी अनेकदा डबल झालाय, जवळपास ४०,००० जीन्स आहेत आणि बऱ्याच जीन्सना जुळं भावंड आहे. एक बंद केलं आणि काहीच बदललं नाही तर लगेच ते बिनकामाचं म्हणून मोकळं होऊ नका, दुसरं सांभाळून घेत असेल, दोन्ही एकत्र बंद करून बघा. उलट सिक्वेन्स फार सारखा असेल तर एकाचा आरएनए दुसऱ्यालाही गप्प करतो, मग परिणाम नक्की कुणामुळे हे कळायला जीनच्या वेगळ्या भागाचा तुकडा घेऊन परत करावं लागतं.

आणि हे सगळीकडे चालत नाही हां. बेकरीच्या यीस्टमध्ये आणि मलेरियाच्या प्लास्मोडियममध्ये आरएनएनं जीन गप्प करायची ही यंत्रणाच नाही, ट्रायपॅनोसोमा ब्रुसी या परजीवीत आहे पण त्याच्याच घराण्यातल्या क्रुझीत नाही, तेव्हा दुसरा जीव घेणार असाल तर आधी त्याच्या जिनोममध्ये डायसर (आरएनएचे बारीक तुकडे करणारं प्रोटीन) आणि आर्गोनॉट (त्या तुकड्यांवरून एमआरएनए कापणारं प्रोटीन) यांचे जीन्स सापडतात का ते बघून घ्या.