नळ बंद असताना प्रेशर पंप सारखा चालू होतोय?

भावा, घरातले सगळे नळ बंद आणि तरी पंप दर दहा मिनिटांनी सुरू होतोय म्हणजे प्रेशर कुठंतरी उतरतंय, पण म्हणून लगेच नवीन पंप आणायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात पळू नकोस.

प्रेशर भरून पंप आपोआप बंद झाला की त्याचा स्विच बंद कर, घराकडं जाणारा व्हॉल्व्ह बंद कर आणि अर्धा तास पंपाजवळच्या प्रेशर गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मीटरचा, काटा बघ. काटा खाली आला तर दोष पंपाकडं, बहुतेक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, त्यात वाळूचा कण अडकला तरी पाणी उलटं टाकीत जातं. काटा जाग्यावर राहिला तर गळती घरात. आमच्याकडं राजारामपुरीत फरशी फोडायची तयारी झालती आणि निघालं काय तर वरच्या फ्लशचा वायसर. फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाक, फ्लश न करता कमोडमध्ये रंग उतरला की समज तिथंच गळतंय.

नळ सोडल्यावर पंप चालू-बंद, चालू-बंद करत असेल तर मात्र प्रेशर टँकची, म्हणजे पंपाला जोडलेल्या दाबाच्या टाकीची, हवा बघ. पंपाचा स्विच बंद करून, नळ उघडून पाणी पूर्ण सोड, मगच टँकच्या हवेच्या व्हॉल्व्हला टायरचा गेज लाव. पंप २० पीएसआयला (दाबाचं माप) चालू होत असेल तर हवा १८ पाहिजे, कमी असेल तर सायकलच्या पंपानं भर. त्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर आतला रबरी फुगा फाटलाय, तो बदलावाच लागतो.