‘मॅडम, मॅग्नेशियम देऊ का?’

हा प्रश्न हल्ली इतक्या वेळा येतो की पालकांनी मोबाईल पुढे केला की आत कसलं रील असणार हे न बघताच कळतं. मूल ऑटिझमचं किंवा एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणारं, अतिचंचल असतं. शाळेची घंटा झाली की कान दाबून धरतं, कॉलरमागचं लेबल कापल्याशिवाय शर्ट घालत नाही, लग्नाच्या हॉलमध्ये पाच मिनिटांत किंचाळत जमिनीवर लोळतं. रीलमधली व्यक्ती छातीठोकपणे सांगत असते: शरीरात मॅग्नेशियम कमी आहे म्हणून हे होतं, जोडीला झिंक द्या, महिन्यात मूल शांत. मग कोल्हापुरातल्या राजारामपुरीत, माझ्या समुपदेशनाच्या टेबलावर डबे येऊन बसतात.

प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एका घराबद्दल सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

शंभू आठ वर्षांचा. मंगळवार पेठेत एकत्र कुटुंब, वडिलांचं चपलांचं दुकान. ऑटिझमचं निदान आधीच झालेलं. आवाज, वास, स्पर्श, उजेड यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हे २०१३ पासून ऑटिझमच्या निकषांतच धरलं आहे. तरीही नातेवाईक त्याला ‘लाडानं बिघडलंय’ असंच म्हणत. आई मात्र हरलेली नव्हती, ती उपाय शोधत होती.

“पावडरीनं फरक पडतोय, मॅडम,” ती म्हणाली. “रात्री घेतली की अर्ध्या तासात गार होतंय पोरगं.”

“आणि पोट?”

आई गप्प. सोबत आलेली आजी म्हणाली, “पोटाचं काय इचारू नका. चार-चारदा पळतंय.”

मी डबे उचलून लेबलं मोठ्यानं वाचायला सांगितली. हे मी प्रत्येक पालकाला करायला लावते, कारण जाहिरात सगळ्यांनी ऐकलेली असते आणि लेबल कुणीच वाचलेलं नसतं. पावडर मोठ्यांसाठी होती, एका चमच्यात ३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी अशा वरून दिलेल्या मॅग्नेशियमची दिवसाची कमाल मर्यादा ११० मिलिग्रॅम ठेवली आहे. अन्नातून येणारं त्यात धरत नाहीत. मर्यादा ओलांडली की सगळ्यात आधी जुलाब होतात. मूत्रपिंडं धड असली तर शरीर जादाचं बाहेर टाकतं, नसली तर प्रकरण गंभीर होतं.

दुसरी बाटली झिंकच्या सिरपची, ५ मिलीत २० मिलिग्रॅम.

“हे कुणी दिलं?”

“जुलाबाला डॉक्टरांनी. चौदा दिवस म्हणाले होते. मग व्हिडिओत झिंकबी चांगलं म्हणून ऐकलं, तेव्हा चालूच ठेवलं.”

म्हणजे मॅग्नेशियमनं बहुधा जुलाब, जुलाबाला झिंक, आणि झिंक पुढे कित्येक महिने. जुलाबात झिंक ठरावीक दिवस देणं योग्यच आहे. पण जास्त झिंक दीर्घकाळ पोटात गेलं की तांबं शोषलं जात नाही, आणि त्यातून रक्तही कमी होऊ शकतं. त्याच्या वयाला मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅम. शिवाय तो खात असलेल्या रंगीत गमीजमध्ये, म्हणजे जीवनसत्त्वांच्या चघळायच्या गोळ्यांमध्ये, थोडं झिंक होतंच, त्याची बेरीज कुणी केली नव्हती.

औषध बंद करा हे सांगणं माझं काम नाही. मी सगळ्याची यादी आईच्याच हातानं लिहून घेतली आणि ती घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी पावडर आणि झिंक थांबवलं, रक्त तपासलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बराच कमी निघाला. त्यात नवल नव्हतं, शंभू पांढरंच खायचा: भात, दही, दूध, ग्लुकोजची बिस्किटं. रात्री तो पाय झाडतो, गादीभर फिरतो हे आईनं मला सांगितलं होतं, पण ती त्याला ‘सवय’ समजत होती. लोह कमी असताना मुलांची झोप अशी अस्वस्थ होऊ शकते, आणि न झोपलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी साधा आवाजही टोचतो. शरीरात काहीतरी कमी होतं हा आईचा अंदाज बरोबर होता. फक्त ते रीलमधलं नव्हतं.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा चिंता वेगळीच. “पावडर बंद केली, आता रात्री ह्याला गार कशानं करू?”

मी विचारलं, “पावडर देता कशी? पहिल्यापासून सांगा.”

“कशी म्हणजे? पाण्यात.”

“कुठं बसून?”

“वरच्या खोलीत नेऊन. खाली टीव्ही असतो, दिरांची पोरं असतात. व्हिडिओत सांगितलं होतं, लागू पडायला अर्धा तास शांत ठेवा. म्हणून दार लावून घेते, लाईट बंद. आजीची जाड गोधडी अंगावर. मी पण काय बोलत नाही.”

“दिवसभरात असा अर्धा तास त्याला आणखी कधी मिळतो?”

ती बोटं मोजायला लागली. सकाळी व्हॅनचा हॉर्न, मग शाळा, मग शिकवणी, संध्याकाळी गल्लीतला फुटबॉल, रात्री मालिका आणि मोबाईलवरचे व्हिडिओ. बोटं संपली. “नाही,” ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच काहीतरी लक्षात येताना मला दिसलं. अशा वेळी मी घाईनं पुढचं वाक्य टाकत नाही. समुपदेशकाला बोलायला शिकवतात, थांबायला आपलं आपण शिकावं लागतं.

“मग ते पावडरीनं नव्हतंच काय?” तिनं विचारलं.

“बघूया की. बाकी सगळं तसंच ठेवा. खोली, अंधार, गोधडी, पेला. पेल्यात नुसतं पाणी.”

तिनं ते मनापासून केलं. काही आठवड्यांनी शंभूला घेऊन आली. मी कागदावर दोन चित्रं काढली, एक पेला आणि एक बंद दाराची खोली. “रात्री कशानं बरं वाटतं?” तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग पेल्याचं चित्र हातानं बाजूला सरकवलं, खोलीवर तळवा ठेवला आणि म्हणाला, “खोली. आई बोलत नाही.”

आई आधी हसली आणि मग पदर डोळ्याला लावला. योग्य उपचार तिनंच शोधला होता. श्रेय डब्याला मिळत होतं, एवढंच. इतक्या वर्षांच्या कामात मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रश्न हाच आहे: देता कसं? औषध, खाऊ, शिक्षा, काहीही. त्याच्या उत्तरात निम्मं घर दिसतं.

माझा कल लपवत नाही. मी आधी मुलाच्या भोवतालचं बदलते, मुलाला बदलायचं नंतर बघते. म्हणून आम्ही तोच अर्धा तास दिवसाकडे ओढला. शाळेतून आल्या आल्या, प्रश्न नाहीत, अभ्यास नाही, वरची खोली. मूल फुटल्यावर शांत करणं कठीण असतं, फुटायच्या आधी उसंत देणं त्या मानानं सोपं. शिकवणी घरीच घेतली. वडिलांची तक्रार होती, “मला जवळच येऊ देत नाही.” दिवसभर चामड्यात बसलेल्या माणसाच्या अंगाला येणारा वास त्यांना स्वतःला जाणवत नव्हता. आता दुकानातून आले की आधी अंघोळ, कपडे बदलणं, मग पोरगं. मांडीवर बसला त्या दिवशी त्यांनी मला दुकानातून फोन केला.

आता रीलमधल्या दाव्याबद्दल. त्याला थोडा आधार आहे, म्हणूनच तो पटतो. मेंदूच्या पेशींवर उत्तेजनाचे काही दरवाजे असतात आणि मॅग्नेशियम त्यांची कडी म्हणून काम करतं, हे खरं. पण मेंदू आपलं मॅग्नेशियम स्वतः सांभाळतो, तोंडानं जास्त घेतलं म्हणून तिथं त्या प्रमाणात वाढत नाही. बी-६ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम एकत्र देण्याचा प्रयोग ऑटिझममध्ये जुना आहे. कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २००५ च्या आढाव्यात त्यावरचे अभ्यास इतके थोडे आणि छोटे निघाले की शिफारस करता आली नाही. बी-६ सुद्धा मोठ्या मात्रेत फार काळ घेतलं तर नसांना इजा करतं.

कमतरता असेल तर ती भरावीच. पण संशय आला तर रीलवर नव्हे, डॉक्टरांकडे जावं. मोजकंच खाणारं मूल असेल तर फेरिटिनबद्दल जरूर विचारा, आणि ताप किंवा संसर्ग असताना ती तपासणी करू नका, आकडा फसवा वाढलेला येतो. रक्तातल्या मॅग्नेशियमच्या आकड्यावरही फार विसंबू नका. शरीरातलं एक टक्क्याहून कमी मॅग्नेशियम रक्तात असतं, बाकी हाडांत आणि पेशींत. लोहाचं औषध दुधाबरोबर किंवा चहाबरोबर देऊ नये, आणि बाटली लहान भावंडांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. लोहाची विषबाधा जिवावर बेतते. मॅग्नेशियम हवंच असेल तर आपल्याकडे ज्वारी, नाचणी, शेंगदाणे, तीळ आहेत. पण वास-पोत न सोसणाऱ्या मुलाच्या तोंडात भाकरी कोंबू नका. शंभूची सुरुवात भातात मिसळलेल्या चमचाभर नाचणीच्या पिठानं झाली, रंग बदलणार नाही एवढ्यानं.

गणपतीत घरात थोडा वाद झाला. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीला कानावरचे हेडफोन पुरत नाहीत, कारण तो ठोका छातीत बसतो. मी त्या रात्री गाव सोडायला सुचवलं. आजी म्हणाली, “गणपती सोडून?” पण घरचा गणपती गौरीबरोबर आधीच गेलेला असतो. हे वडिलांच्या लक्षात आल्यावर ते तिघं पन्हाळ्याकडे पाहुण्यांकडे गेले.

लोहाच्या औषधानं तीन महिन्यांनी फेरिटिन वर आलं. पाय झाडणं कमी झालं, झोप सुधारली. कुकरची शिट्टी मात्र अजून सोसत नाही. आई आता शिट्टी व्हायच्या आधी “शंभू, शिट्टी!” म्हणून हाक देते, आणि तो कान झाकून वरच्या खोलीत निघून जातो.