एमजीबीला पाच गिअर बसवायचेत? आधी हे बघ

मित्रा, तुझ्या एमजीबीचा (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) चार गिअरचा गिअरबॉक्स काढून पाच गिअरचा बसवायचा म्हणतोस, तो विचार एकदम बरोबर आहे, हायवेवर चौथ्या गिअरमध्ये इंजिन बोंबलत राहतं ते फार वैताग देतं. पण बॉक्स बदलायचं किट मागवायच्या आधी क्लच बघ. गिअर टाकताना करकर होते म्हणून बॉक्स गेला असं नवीन लोक धरून चालतात आणि खरा दोष बरेचदा क्लचच्या हायड्रॉलिक्समध्ये असतो, स्लेव्ह सिलेंडर (द्रवाच्या दाबाने क्लच दाबणारा) गळतोय का बघ, लाइनमधली एअर काढ, मग ठरव. आणि 1967 च्या आधीची गाडी असेल तर पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारा भाग) नसतोच, चालत्या गाडीत तो कुरकुरणारच.

दुसरं, तुझं इंजिन तीन बेअरिंगचं की पाच, म्हणजे क्रँकशाफ्टला मेन बेअरिंग किती? 1964 च्या शेवटी बदललं ते. फोर्ड टाइप 9 चं (फोर्डचा पाच गिअरचा बॉक्स) किट त्यानुसार घ्यावं लागतं, इथेच लोकांचे पैसे जातात. प्रॉपशाफ्टची (बॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंतचा दांडा) लांबी आणि स्पीडोमीटरचा हिशोबही आधीच कर.

इंजिन आणि बॉक्स एकत्रच बाहेर काढ, आणि तेव्हा क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचं ऑइल सील (असेल तर) नवीनच टाक, पुन्हा उघडायचा ताप नको.

मूळ बॉक्स अजिबात विकू नकोस हां. त्यावर ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असेल तर आधी तोच नीट करून घे, मला तरी तो जास्त आवडतो, आणि त्यात इंजिन ऑइलच, 20डब्ल्यू-50, ईपी (जास्त दाब सोसणारं) गिअर ऑइल नाही. गिअर रेशोबिशोचं नंतर बोलू, आधी इंजिन नंबर सांग.