इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी कात्रजचा चढ चढून आल्यावर खूप तापते. तिला छोटा पंखा बसवू का?

पंखा नको. बॅटरीच्या केसला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, भोकं तर अजिबात पाडू नका, पहिल्याच वळवात पाणी आत जाईल आणि ते उष्णतेपेक्षा जास्त घातक आहे. २५० वॅटच्या मोटरला बॅटरीसाठी वेगळा पंखा लागत नाही, केसवर लागणारा वारा पुरतो.

तापण्याचं खरं कारण म्हणजे करंट. करंट दुप्पट झाला की बॅटरीतल्या सेलच्या अंतर्गत रोधामुळे होणारी उष्णता चौपट होते. चढावर पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर जाल तर मोटर जास्त करंट ओढते आणि बॅटरी तापणारच. पेडल मारा, गिअर हलका ठेवा, फरक लगेच जाणवेल.

आता सर्वांत महत्त्वाचं. घरी आल्या आल्या चार्जर लावू नका. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि एप्रिलमध्ये पुण्यात हवाच ४० च्या आसपास असते. बॅटरी काढून सावलीत ठेवा, हाताला गार लागली की मगच चार्जिंग. मी तर उन्हाळ्यात पहाटेच चार्ज करतो. लवकर गार व्हावी म्हणून फ्रीजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवू नका, आत दमटपणा धरतो.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये सायकल उन्हात राहत असेल तर बॅटरी सोबत वर न्या.

आणि एक, सपाट रस्त्यावरही तापत असेल, फुगली असेल किंवा वास येत असेल, तर वापर तिथेच थांबवा. चार्जिंगला लावू नका, घरातही ठेवू नका, थेट दुरुस्तीवाल्याला दाखवा.