उंची कमी असलेल्या टेनिसपटूला पत्र: डेव्हिड फेररकडून काय घ्यावं

अनेक आशीर्वाद.

पाच फूट नऊ इंचांवर उंची थांबली, आता पुढे काय, असं तू विचारलंयस. २०१९ साली बालेवाडीत महाराष्ट्र ओपनची फायनल २०३ सेंटिमीटरचा केविन अँडरसन आणि २११ सेंटिमीटरचा इव्हो कार्लोविच यांच्यात झाली आणि तिन्ही सेट टायब्रेकवर, म्हणजे ६-६ झाल्यावरच्या निर्णायक गेमवर गेले. तसल्या मॅच बघून मनात धास्ती बसणं साहजिक आहे. पण स्पेनच्या डेव्हिड फेररची उंची १७५ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर तुझ्याएवढी. तो जुलै २०१३ मध्ये जगात तिसरा होता. कारकिर्दीत एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची २७ विजेतेपदं, त्यातली सात एकट्या २०१२ मधली, आणि सात वेळा वर्षअखेरीस पहिल्या दहात.

त्याच्याबद्दल लोक एकच सांगतात, की तो पळायचा आणि हार मानायचा नाही. ते खरंच आहे, पण तेवढंच उचललंस तर नुसता दमशील. तो कुठे उभा राहायचा आणि पहिलं पाऊल कधी टाकायचा, ते तुला शिकायचंय.

आधी सर्व्हिस. बेसलाइनपासून नेट ११.८९ मीटरवर, नेटची मधली उंची ०.९१४ मीटर, आणि नेटपासून सर्व्हिस लाइन ६.४० मीटरवर. सर्व्हिस लाइनपासून नेटच्या कडेला टेकवून सरळ रेषा मागे ओढलीस तर ती तुझ्या बेसलाइनवर २.६१ मीटर उंचीवर येते. हात, रॅकेट आणि थोडी उडी धरून तुझी रॅकेट चेंडूला लागते ती साधारण तेवढ्याच उंचीवर. उंच खेळाडूची लागते तीन मीटरच्या आसपास. म्हणजे त्याला सपाट सर्व्हिससाठी ऐसपैस जागा मिळते. तुझा चेंडू वजनाने थोडा खाली येतो म्हणून वाट निघते, पण ती फार अरुंद. म्हणून जीव खाऊन सपाट मारलेली सर्व्हिस तुझ्यासाठी रोजचं हत्यार होऊ शकत नाही. फेररने ते ओळखलं होतं. फिरकी देऊन पहिली सर्व्हिस आत टाकायची आणि पुढचा चेंडू फोरहँडवर घ्यायचा, हा त्याचा ठरलेला मार्ग. पहिल्या सर्व्हिसपैकी दोन तृतीयांश आत पडल्या पाहिजेत, हे लक्ष्य ठेव. किकसाठी, म्हणजे टप्पा पडून उंच उसळणाऱ्या फिरकी सर्व्हिससाठी, टॉस (हाताने वर टाकलेला चेंडू) डोक्याच्या वर, किंचित डावीकडे असू दे. टॉस फार मागे गेला तर कंबर वाकते आणि महिन्याभरात पाठ धरते. फार पुढे गेला तर चेंडूला खालून वर घासायला जागा राहत नाही आणि तो नेटमध्ये जातो.

आता रिटर्न. तुझे पॉइंट इथे आहेत, आणि सरावात सगळ्यात कमी वेळ तू इथेच देतोस. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी तुझे पाय हवेत असले पाहिजेत आणि दिशा कळताकळता जमिनीवर यायला हवेत. फेररच्या मॅच संथ गतीने लावून फक्त त्याचे पाय बघ. ती उडी इतकी छोटी असते की बुटाखालून जेमतेम उजेड दिसावा. खाली येताना चेंडूच्या बाजूचा पाय आधीच बाहेर वळलेला असतो, त्यामुळे पहिलं पाऊल वाया जात नाही. तुझ्याकडून चूक होते ती अशी: तू लवकर उडतोस, दोन्ही टाचा टेकवून उभा राहतोस आणि मग शून्यातून निघतोस. तेवढ्यात चेंडू अंगावर आलेला असतो. दुसरी चूक म्हणजे रॅकेट फार मागे नेणं. रिटर्नला रॅकेट खांद्याच्या रेषेमागे जाऊच नये. खांदे वळव, चेंडू अंगापुढे घे आणि कोर्टाच्या मध्यभागी खोल टाक. कोपरे नंतर. दुसऱ्या सर्व्हिसला मात्र एक पाऊल आत ये, बॅकहँडला वळसा घाल आणि फोरहँड मार.

हा वळसा घालून मारलेला फोरहँड म्हणजे फेररच्या खेळाचा कणा. स्पेनचा, मातीवरचा म्हणून तो दहा फूट मागे उभा असेल असं वाटतं. तसं नव्हतं. तो बेसलाइनला धरून असायचा, चेंडू वर येतायेताच घ्यायचा आणि डाव्या कोपऱ्यातून इनसाइड-आउट, म्हणजे फोरहँडने तिरकं समोरच्याच्या डाव्या बाजूला मारत समोरच्याच्या बॅकहँडला कोंडायचा. यासाठी पाऊल आधी मागे-बाजूला जातं, मग तीन-चार बारीक पावलं, आणि चेंडू कमरेच्या उंचीवर, हातभर अंतरावर. बारीक पावलं गाळलीस की चेंडू अंगाला चिकटतो आणि फटका आखूड पडतो. आखूड पडला की तुझं उजवं अख्खं कोर्ट मोकळं आहे, समोरचा तिकडेच मारणार. म्हणून सिंगल्सच्या रेषेबाहेर पाय जात असेल तर वळशाचा मोह सोड, बॅकहँड क्रॉस कोर्ट मार आणि परत मध्ये ये.

सरावासाठी इंग्रजी एक्सच्या आकारात पळणं घे. उजवीकडे पुढे आखूड चेंडू, तिथून तिरकं मागे डाव्या कोपऱ्यात खोल चेंडू, मग डावीकडे पुढे, मग उजवीकडे मागे. दोन फेऱ्या म्हणजे आठ चेंडू, मग २५ सेकंद विश्रांती. मॅचमध्ये दोन पॉइंटच्या मध्ये तेवढीच मिळते. असे आठ संच, आठवड्यातून तीनदा, रोज नाही. गुडघे आणि घोट्यामागची शीर अजून वाढत्या वयाची आहे. शेवटची बारीक पावलं गळायला लागली की आकडा पुरा झाला नसला तरी थांब. त्यानंतर जे होतं तो चुकीचा सराव असतो, आणि तो पक्का बसतो.

२०११ च्या डेव्हिस कप फायनलमध्ये सेव्हियाला त्याने हुआन मार्टिन देल पोत्रोला पाच सेटमध्ये हरवलं, ती मॅच पूर्ण बघ. देल पोत्रो १९८ सेंटिमीटरचा. दोन सेट विरुद्ध एक असा मागे पडल्यावर फेररने ६-४, ६-३ घेतले. समोरच्याला त्याने एकही फटका उभ्याउभ्या मारू दिला नाही.

पण या खेळाला मर्यादा आहे, ती तुझ्यापासून लपवणार नाही. रॉजर फेडररकडून तो १७ पैकी १७ मॅच हरला. २०१३ च्या फ्रेंच ओपनला एकही सेट न गमावता फायनलला पोहोचला आणि तिथे राफेल नदालने ६-३, ६-२, ६-३ असं हरवलं. ग्रँड स्लॅमची ती त्याची एकमेव फायनल. सगळं ज्याला त्याच्यासारखंच करता येतं आणि वर एक मोठा फटकाही आहे, त्याच्यासमोर चिवटपणा पुरत नाही. तू सतरा वर्षांचा आहेस. आत्ताच नेटवर यायला शीक, आठवड्याला एक तास फक्त व्हॉलीला, म्हणजे टप्पा पडण्याआधी मारायच्या फटक्याला दे. समोरचा मागे ढकलला गेला की पुढे जाऊन पॉइंट संपवायचा.

अजून एक, त्याच वर्षीची मायामीची फायनल. तिसऱ्या सेटला ६-५, अँडी मरेविरुद्ध मॅच पॉइंट. मरेचा फोरहँड रेषेजवळ पडला, फेरर खेळायचा थांबला आणि त्याने चॅलेंज केलं. चेंडू रेषेला निसटता लागला होता. पुढे टायब्रेक ७-१ ने गेला. तुझ्या स्पर्धांत हॉक-आय, म्हणजे चेंडू कुठे पडला ते दाखवणारे कॅमेरे नाहीत, आपल्या बाजूची रेषा आपणच सांगायची. शंका आली की चेंडू आत धरायचा, हा नियमच आहे. पाय थांबू द्यायचे नाहीत, विशेषतः मोठ्या पॉइंटला.

पुढच्या स्पर्धेतल्या दोन सेटचा व्हिडिओ पाठव. कॅमेरा तुझ्या बेसलाइनच्या मागे, डोक्याच्या वर ठेव, म्हणजे तुझे पाय आणि समोरच्याची रॅकेट एकाच वेळी दिसतील. फक्त रिटर्नचे गेम असले तरी चालेल.